स्वस्त भयपट पाहताना : उणीव पैशाची की विचाराची

कमी खर्चात तयार झालेला आणि समीक्षकांनी झोडपलेला भयपट पाहायला बसणाऱ्या प्रेक्षकाची अडचण अशी असते की, चित्रपट वाईट आहे हे त्याला आधीच सांगितलेले असते, परंतु तो कशामुळे वाईट आहे हे क्वचितच कोणी सांगितलेले असते. अंधूक प्रकाश, ओठांच्या हालचालींशी न जुळणारे संवाद, हौशी अभिनय, रेंगाळणारे प्रसंग आणि फसलेला शेवट या सगळ्यांची परीक्षणात एकच मोळी बांधली जाते. वस्तुतः त्यांतील काही दोष पैसा नसल्यामुळे आलेले असतात, काही दिग्दर्शकाने पुरेसा विचार न केल्यामुळे आलेले असतात, आणि काही गोष्टी तर दोष नसतातच. टंचाईतून मार्ग काढताना सापडलेली ती एक रीत असते, जी पहिल्या भेटीत दोषासारखी दिसते. हे तीन प्रकार एकमेकांपासून वेगळे करता येणे, हेच अशा चित्रपटाच्या रसग्रहणातील मुख्य काम होय, आणि ते सरावाने जमते.

हा सराव करण्यासाठी दोन अमेरिकन चित्रपटांची जोडी विशेष सोयीची आहे. हर्क हार्वे यांचा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) आणि हॅरॉल्ड वॉरन यांचा 'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट' (१९६६) हे दोन्ही चित्रपट हॉलिवूडपासून दूर, पूर्ण लांबीचा चित्रपट पूर्वी कधीही न केलेल्या माणसांनी, स्थानिक लोकांना हाताशी धरून तयार केले. पहिल्याचा खर्च सुमारे तीस हजार डॉलर, तर दुसऱ्याचा सुमारे एकोणीस हजार डॉलर होता. दोन्ही प्रदर्शनाच्या वेळी पडले आणि दोघांच्याही दिग्दर्शकांनी त्यानंतर दुसरा कथापट केला नाही. तरीही आज पहिल्याची गणना भयपटांच्या इतिहासातील महत्त्वाच्या कृतींमध्ये होते आणि दुसऱ्याचे नाव आजवरच्या सर्वांत वाईट चित्रपटांच्या यादीत हटकून येते. पैशाची तफावत इतकी मोठी नाही की तिने हा फरक पडावा.

चित्रपट पाहण्यापूर्वी त्याच्याविषयीचे मत कोठून आले आहे हे तपासणे आवश्यक असते. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरील टक्केवारी अनेक प्रेक्षक परीक्षेतील गुणांसारखी वाचतात. प्रत्यक्षात ती गुणांची सरासरी नसून, एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल आहेत याचे केवळ प्रमाण असते. सर्व समीक्षकांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपट तेथे शंभर टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि निम्म्यांना अतिशय आवडलेला परंतु उरलेल्या निम्म्यांना असह्य झालेला चित्रपट पन्नास टक्क्यांवर राहून साठ टक्क्यांची रेषा ओलांडू न शकल्याने 'सडका' ठरतो. भयपट हा प्रकारच असा आहे की तो प्रेक्षकांत फूट पाडतो, आणि म्हणून या पद्धतीत त्याच्यावर अन्याय होण्याचा संभव अधिक असतो.

परीक्षण कोणी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले, हेही पाहावे लागते. जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा पिट्सबर्ग शहरात सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरमध्ये केलेला चित्रपट १९६८च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा 'व्हरायटी' या व्यवसायपत्राने त्याच्यावर कठोर शब्दांत टीका केली. रॉजर ईबर्ट यांनी १९६९च्या जानेवारीत लिहिलेला लेखही अनेकदा त्या चित्रपटाच्या निषेधाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. परंतु लेख नीट वाचला तर ध्यानात येते की त्यांचा रोख चित्रपटापेक्षा चित्रपटगृहात बसलेल्या लहान मुलांकडे आणि त्यांना तेथे सोडून गेलेल्या पालकांकडे होता. अमेरिकेत वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करण्याची पद्धत नोव्हेंबर १९६८मध्ये लागू झाली, म्हणजे हा चित्रपट तिच्या महिनाभर आधीच पडद्यावर आला होता. पुढे १९९९मध्ये जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला. यावरून जुने परीक्षण चुकीचेच असते असा निष्कर्ष काढू नये. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होते, एवढे मात्र शोधून काढावे.

त्यानंतरची तपासणी प्रतीची. अमेरिकेच्या त्या काळच्या कायद्यानुसार चित्रपटाच्या प्रतीवर स्वामित्वहक्काची सूचना छापलेली असणे बंधनकारक होते, आणि ती नसेल तर कृती सार्वजनिक मालकीची होत असे, म्हणजे कोणालाही परवानगी न घेता तिच्या प्रती काढून विकता येत. रोमेरो यांच्या चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदलले, आणि जुन्या नावाच्या चौकटीवर असलेली ही सूचना नव्या चौकटीवर घालायची राहून गेली. 'कार्निव्हल ऑफ सोल्स'च्या प्रतींवरही ती नव्हती. परिणामी दोन्ही चित्रपटांच्या प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत अशा झिजलेल्या आवृत्त्या दूरचित्रवाणीवर, कॅसेटवर आणि आता महाजालावर पसरल्या. अशा प्रतीत काळोखातील तपशील चिखलासारखा एक होतो आणि आवाज घशात अडकल्यासारखा येतो. प्रेक्षक मात्र हा दोष छायाचित्रकाराच्या माथी मारतो. 'कार्निव्हल'च्या बाबतीत लांबीही पाहावी, कारण वितरकाने कापलेली आवृत्ती सुमारे ७८ मिनिटांची आहे आणि मूळ आवृत्ती सुमारे ८४ मिनिटांची. 'क्रायटेरियन' संस्थेने २०००मध्ये काढलेली आवृत्ती किंवा तिच्यानंतरची एखादी संस्कारित प्रत मिळाल्यास तीच पाहणे इष्ट. 'मॅनोस'चीही मूळ १६ मिलिमीटरची संकलन-प्रत २०११मध्ये सापडल्यावर तिच्यावरून नवी प्रत तयार करण्यात आली, आणि त्यातील रंग पाहून असे दिसले की वर्षानुवर्षे ज्याची थट्टा झाली त्या गढूळपणाचा काही भाग चित्रपटाचा नव्हताच. चित्रपट त्यामुळे चांगला ठरला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

'कार्निव्हल'ची घडण समजून घेतल्यास पुढील विवेचन सोपे होते. हार्वे हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी 'सेंट्रॉन' नावाच्या संस्थेत शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट दिग्दर्शित करीत असत. कॅलिफोर्नियाहून मोटारीने परतताना त्यांना यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी 'सॉल्टएअर' हा ओस पडलेला करमणुकीचा मंडप दिसला. १८९३मध्ये उभारलेली त्याची पहिली वास्तू १९२५मध्ये जळाली होती, पुन्हा बांधलेली वास्तू सरोवराचे पाणी मागे हटत गेल्यावर १९५८मध्ये बंद पडली होती, आणि घुमटांची, प्रचंड नृत्यगृहाची ती इमारत मिठाच्या पठारावर तशीच उभी होती. हार्वे यांनी सहकारी जॉन क्लिफर्ड यांना सांगितले की कथा काहीही असो, शेवटी या नृत्यगृहात मृतांनी नाचले पाहिजे. लॉरेन्समधील व्यापाऱ्यांकडून रोख सतरा हजार डॉलर उभे राहिले, उरलेली देणी पुढे ढकलली गेली, हार्वे यांनी नोकरीतून तीन आठवड्यांची रजा काढली आणि तेवढ्या अवधीत मूठभर तंत्रज्ञांसह चित्रीकरण आटोपले. नायिकेला सतत दिसणाऱ्या पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या माणसाची भूमिकाही त्यांनी स्वतःच केली.

कथा थोडक्यात अशी. मेरी हेन्री ही तरुणी दोन मैत्रिणींसह ज्या मोटारीत बसलेली असते ती शर्यतीच्या नादात पुलावरून नदीत कोसळते. काही तासांनी मेरी एकटीच चिखलाने माखून वाळूवर चढून येते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी धरून यूटाला जाते, आणि तेथे तो पांढरा चेहरा व सरोवराकाठचा मंडप तिचा पाठलाग सोडत नाहीत. शेवट सांगितल्यावाचून या चित्रपटाची चर्चा करता येत नाही, म्हणून तोही सांगणे भाग आहे : अखेरीस नदीतून मोटार ओढून काढली जाते आणि तिच्यात मेरीचेही शव असते. अँब्रोज बिअर्स यांच्या १८९०च्या पुलावरील फाशीच्या प्रसिद्ध कथेतही अशाच धाटणीचा शेवट आहे. तेव्हा नावीन्य येथे शोधू नये. ज्या चित्रपटात भीतीचा उगम बाहेरच्या राक्षसात नसून पात्राच्या मनःस्थितीत आणि इतरांशी असलेल्या त्याच्या तुटलेल्या नात्यात असतो, त्याला भयनाट्य म्हणता येईल, आणि 'कार्निव्हल' त्या अर्थाने भयपटाहून भयनाट्य अधिक आहे.

पाहताना सर्वप्रथम कान उघडे ठेवावेत. स्वस्त चित्रपटात चित्रापेक्षा ध्वनी आधी उघडा पडतो, कारण चित्रीकरणाच्या जागीच संवाद स्वच्छ मुद्रित करण्यासाठी शांत जागा, चांगली यंत्रे आणि वेळ लागतो. ते नसले की संवाद नंतर ध्वनिमुद्रणगृहात बोलून चित्रावर चढवावे लागतात, ज्याला डबिंग म्हणतात, आणि ते नेमके जुळले नाही तर पात्रे परक्या आवाजात बोलल्यासारखी वाटतात. 'कार्निव्हल'मध्ये हा दोष जागोजागी आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. तथापि त्याच चित्रपटात असा एक प्रसंग आहे, ज्यात ही दुर्बळ बाजूच शस्त्र बनली आहे. मेरी कपड्यांच्या दुकानात कपडे बदलण्याच्या खोलीत असताना चित्र पाण्यासारखे थरथरते आणि बाहेर आल्यावर तिचे बोलणे कोणाला ऐकू जात नाही, ती कोणाला दिसतही नाही. रस्त्यावर मोटारी धावतात, माणसे बोलतात, पण शहराचा सगळा आवाज पुसून टाकलेला आहे. ती धावत बागेत जाते, एका झाडाला टेकते, आणि एका पक्ष्याच्या चिवचिवाटाबरोबर जगाचा आवाज परत येतो. या प्रसंगाला ना यांत्रिक करामत लागली ना रंगभूषा. ध्वनिपट्टीवरचा आवाज काढून टाकणे ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. परंतु ती परिणामकारक होते, कारण आपण इतरांत असूनही नाही, ही कथेची मध्यवर्ती कल्पनाच तेथे प्रेक्षकाच्या कानांवर लादली जाते. प्रेक्षकाने येथे चित्रपट थांबवून हाच प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा पाहावा. तसे केल्यावर तो जवळजवळ निरर्थक भासतो, आणि सगळे काम पक्ष्याच्या त्या एका आवाजाने केले आहे हे कळते.

संगीताचेही तसेच. पूर्ण वाद्यवृंद परवडणारा नव्हता, म्हणून जीन मूर यांनी एकट्या ऑर्गनवर संपूर्ण पार्श्वसंगीत दिले. नायिका स्वतः ऑर्गनवादक असल्याने कानावर पडणारे सूर तिच्या बोटांतून येत आहेत की तिच्या मागावर असलेल्या कोणाकडून, याचा निर्णय प्रेक्षकाला करता येत नाही. चर्चमध्ये सराव करताना तिची बोटे तिच्या इच्छेविरुद्ध काही भलतेच वाजवू लागतात आणि पाद्री तिला कामावरून काढतो, तो प्रसंग याच संदिग्धतेवर उभा आहे. लॉरेन्समध्ये ऑर्गन तयार करणारा रॉयटर कंपनीचा कारखाना होता आणि त्याचेही चित्रीकरण चित्रपटात वापरले आहे. गावात जे आहे त्याच्या आधारे कथा रचली की उसनवारी दिसत नाही. कथा आधी लिहून नंतर तिच्यासाठी गावात नसलेल्या वस्तूंची नक्कल उभी केली की मात्र पुठ्ठ्याचे किल्ले दिसू लागतात. स्वस्त भयपट पाहताना हा भेद दहा मिनिटांत ओळखता येतो.

आता 'मॅनोस'. टेक्सास राज्यातील एल पासो येथे खतांची विक्री करणाऱ्या वॉरन यांनी, आपणही भयपट करून दाखवू अशा पैजेतून तो केला, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. चावी देऊन चालणाऱ्या त्यांच्या कॅमेऱ्यात एका वेळी जास्तीत जास्त ३२ सेकंद चित्रित करता येत असे, जागेवर ध्वनिमुद्रण मुळीच नव्हते, आणि नंतर मोजक्याच लोकांनी सर्व पात्रांचे आवाज दिले, त्यामुळे लहान मुलीच्या तोंडूनही प्रौढ स्त्रीचा आवाज निघतो. या माहितीवरून चित्रपटाच्या सर्व दोषांचे खापर कॅमेऱ्यावर फोडण्याचा मोह होतो, आणि अनेक लेखांत तसेच केलेले आढळते. तो तर्क टिकत नाही. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांत एका शॉटची, म्हणजे कॅमेरा सुरू होऊन छेद येईपर्यंतच्या एका सलग तुकड्याची, सरासरी लांबी ३२ सेकंदांपेक्षा पुष्कळच कमी असे. अडचण कॅमेरा लवकर थांबत होता ही नव्हती. तो सुरू झाल्यावर काय करायचे हे ठरलेले नव्हते. पात्रे एकमेकांकडे नुसती पाहत राहतात, तेच वाक्य पुनःपुन्हा बोलतात, आणि आरंभीचा मोटारप्रवास मिनिटामागून मिनिटे चालतो, कारण त्यावर श्रेयनामावली येणार होती, ती आलीच नाही आणि प्रवासाचे तुकडे मात्र तसेच राहिले. आणखी एका प्रसंगात पोलीस गाडीतून उतरून काही पावले चालतात आणि परत फिरतात, कारण दिव्यांचा प्रकाश तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचत होता. प्रकाश अपुरा असणे ही पैशाची उणीव झाली; परंतु चार पावलांच्या प्रकाशात पोलिसांना वाळवंटाची तपासणी करायला सांगणे ही विचाराची. तोच प्रसंग गाडीत बसून, काच खाली करून ऐकण्याचा केला असता, तर चार पावलांचीही गरज पडली नसती.

तुलनेसाठी 'कार्निव्हल'मधील मोटारीचे प्रसंग पाहावेत. स्टुडिओत उभ्या गाडीमागे हलता रस्ता पडद्यावर दाखवण्याची महागडी पद्धत शक्य नसल्याने तेथे हातात धरता येणारा हलका कॅमेरा चालत्या गाडीत नेला गेला. त्यामुळे रात्रीचा रस्ता, काचेवरचे प्रतिबिंब आणि मेरीचा चेहरा एकाच चौकटीत खरेपणाने येतात, आणि काचेत पांढरा चेहरा उमटतो तेव्हा तो दचकवतो.

अभिनयाच्या बाबतीत निवाडा करणे सर्वांत कठीण असते. मेरीची भूमिका करणाऱ्या कँडेस हिलिगॉस यांनी न्यूयॉर्कमध्ये अभिनयाचे शिक्षण घेतले होते, तर भोवतालची बरीच मंडळी स्थानिक आणि अननुभवी होती. त्यांच्या बोलण्यातला ताठरपणा मेरीच्या परकेपणाला पोषक ठरतो असे समर्थन अनेकदा केले जाते, आणि ते काही अंशी खरे आहे. मात्र डॉक्टर मेरीला तिच्या मनाविषयी समजावून सांगतो तो प्रसंग या समर्थनानेही वाचत नाही, कारण तेथे चित्रपट स्वतःच्या कोड्याचा खुलासा करू पाहतो आणि भीती विरघळते. उलट, शेजारच्या खोलीत राहणाऱ्या लगट करणाऱ्या पुरुषाचे प्रसंग सिडनी बर्जर यांनी इतके किळसवाणे खरे केले आहेत की भुताच्या भीतीने मेरी त्याची सोबत पत्करू लागते तेव्हा प्रेक्षकाला कोणापासून अधिक घाबरावे हे कळत नाही. नाट्य म्हणून हा चित्रपटाचा सर्वांत मजबूत भाग आहे, आणि त्यासाठी एक खोली, एक दार आणि दोन माणसे एवढीच सामग्री लागली. अभिनय तपासताना, पात्र गप्प असताना नट काय करतो हे पाहावे. हौशी नट संवाद संपताच विझतो.

महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हा सराव रामसे बंधूंच्या चित्रपटांवरही करता येईल. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) या त्यांच्या चित्रपटासाठी अवघे कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला गेले होते. कॅमेरा, संकलन, दिग्दर्शन, लेखन ही कामे भावंडांनी आपसांत वाटून घेतली होती. समकालीन समीक्षकांनी त्यांना फारसे गंभीरपणे घेतले नाही, आणि विनोदाचे ठिगळ, अकारण गाणी व ओरडणारे पार्श्वसंगीत पाहता त्यात नवल नाही. तरीही 'पुराना मंदिर' (१९८४) पाहताना धूर, रंगीत दिवे आणि उंच्यापुऱ्या अनिरुद्ध अगरवाल यांचा नुसता आकार यांतून किती काम काढून घेतले आहे, हे मोजण्याजोगे आहे. तेथेही प्रश्न तोच ठेवावा : गाणे पैशाअभावी वाईट झाले आहे की तेथे गाणे असण्याचेच कारण नव्हते?

हसण्यासाठी म्हणून वाईट चित्रपट पाहण्याची प्रथा आता रुळली आहे, आणि 'मॅनोस' तर १९९३मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत त्याच्यावर विनोदी शेरेबाजी झाली तेव्हाच खऱ्या अर्थाने प्रसिद्धीस आला. या आनंदाला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र पहिले पाहणे अशा मैफलीत होऊ देऊ नये, कारण भयपटाला शांतता लागते आणि शेरेबाजी नेमकी ती शांतता भरून काढते. 'कार्निव्हल'मधील आवाज हरवण्याचा प्रसंग हास्याच्या गलक्यात पाहणाऱ्याला तेथे काही घडले हेच समजणार नाही.

एखाद्या चित्रपट मंडळाने ही जोडी दाखवायची ठरवल्यास 'मॅनोस'ची आरंभीची वीस मिनिटेच दाखवून नंतर 'कार्निव्हल' सलग दाखवावा, आणि मध्ये चर्चा ठेवू नये. सभासदांनी कागदाचे तीन रकाने करून प्रत्येक खटकलेली जागा वेळेसह टिपावी, आणि ती पैशाच्या, विचाराच्या की रीतीच्या रकान्यात घालायची हे चित्रपट संपल्यावर ठरवावे. पाहता पाहता ठरवलेले रकाने बहुधा बदलावे लागतात. परीक्षण लिहिणाऱ्याने कोणती प्रत, किती मिनिटांची आणि कशावर पाहिली हे प्रथम नोंदवावे. खर्चाचा आकडा मात्र आरंभी देऊ नये, कारण तो वाचताच वाचक एकतर कीव करू लागतो किंवा कौतुक, आणि पुढचे दोष त्याच्या नजरेतून सुटतात. ज्या प्रसंगात पैशाची टंचाई खरोखर दिसते, त्या प्रसंगाच्या चर्चेतच तो द्यावा.